किल्ला की महाल?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या चढणीने जाताना वाटेत एका अखंड खडकात कोरलेले चतुर्भुजाचे छोटेसे देऊळ लागते. बहुतेक प्रवासी ते ओलांडून मानसिंहाच्या महालाकडे धावतात. देवळातल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३ ची, म्हणजे इसवी सन ८७६ ची एक साधी दाननोंद आहे : देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन, आणि रोजच्या पूजेला ५० हार. या २७० आणि ५० मधले शून्य आपण आज लिहितो तसेच वाटोळे आहे. जगातले हे पहिले शून्य, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. कंबोडियात सापडलेला इसवी सन ६८३ चा लेख त्याहून जुना आहे. पण त्यामुळे ग्वाल्हेरच्या शून्याची प्रतिष्ठा काही उणावत नाही.

या लेखाची आठवण इथे काढली ती मात्र शून्यासाठी नव्हे, सालासाठी. ८७६ साली एखाद्या ताऱ्यावरून निघालेला प्रकाशकिरण आज पृथ्वीवर पोहोचत असेल, तर त्याने सुमारे साडेअकराशे प्रकाशवर्षे अंतर तोडले. प्रतिहार गेले, कच्छपघात गेले, तोमर, मोगल, शिंदे, इंग्रज सगळे होऊन गेले; एवढा इतिहास त्या किरणाच्या वाटचालीत मावला. आणि तो किरण आला कुठून? तर आपल्याच आकाशगंगेतून, म्हणजे शेजारच्या आळीतून. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. ज्या विषयाबद्दल पुढे लिहायचे आहे, तिथला प्रकाश १२ अब्ज वर्षे चालून आलेला आहे. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. शून्ये मोजायची हौस असणाऱ्यांनी बारावर नऊ शून्ये मांडून पाहावीत.

आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वसाहतीला मराठीत दीर्घिका म्हणतात. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. अंधारात पसरलेल्या प्रकाशाच्या तळ्याला हा शब्द फार शोभतो. अशा दीर्घिका विश्वात आहेत हेच माणसाला कळून अवघी शंभर वर्षे झाली आहेत. जयसिंगाने उभारलेली उज्जैनची वेधशाळा मोडकळीला आली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. त्याच १९२३ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर एडविन हबल यांनी देवयानीतल्या धूसर ठिपक्यात कमीजास्त तेजाचा एक तारा हेरला आणि त्यावरून तो ठिपका आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे हे दाखवून दिले. उज्जैनीत दगडी यंत्रांवर सावल्यांचे वेध पुन्हा सुरू होत असताना तिकडे विश्वाचा विस्तार असा एका रात्रीत वाढला. १९२९ मध्ये हबल यांनीच, दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकलेला असतो आणि दीर्घिका जितकी दूर तितकी ही सरक जास्त, हा नियम मांडला. विश्व प्रसरण पावते आहे ही कल्पना त्यावर उभी राहिली.

इतिहासकाराला खगोलशास्त्रज्ञाचा हेवा वाटावा अशी एक गोष्ट इथे आहे. आपल्याला पानिपत पाहायचे तर बखरी आणि पत्रे चाळावी लागतात. दुर्बिणीला जितके दूर दिसते तितके जुने दिसते. भूतकाळ समोर घडत असतो. पण हेवा फार ताणू नये. दूर दिसणारी दीर्घिका आणि जवळ दिसणारी दीर्घिका या एकाच घराण्यातल्या आहेत असे कुठे लिहून ठेवलेले नसते. कुणाच्या तरी मुलाचे बारशाचे छायाचित्र आणि भलत्याच कुणाच्या आजोबांचे साठीचे छायाचित्र शेजारी ठेवून वंशावळ जुळवावी, तसे हे काम आहे. या विषयातली निम्मी भांडणे त्यातूनच निघाली.

मुख्य भांडण ग्वाल्हेरच्या वाचकाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्याच्या दोन्ही बाजू शहरात उभ्या आहेत. एक बाजू किल्ला. तो कुणी एकाने बांधलेला नाही. तेली का मंदिर प्रतिहारांच्या काळचे, सास-बहूचे देऊळ १०९३ चे, मानसिंह तोमराचा महाल पंधराव्या शतकाच्या अखेरीचा, त्याच्या पलीकडे जहांगीर आणि शाहजहान यांच्या नावाचे महाल. एकेका राजवटीने आपापली भर घातली आणि त्या ढिगाऱ्याचा पुढे एक किल्ला झाला. दुसरी बाजू जयाजीराव शिंद्यांचा जयविलास. मायकेल फिलोज यांनी आखला, १८७४ मध्ये पुरा झाला. तीन मजल्यांवर तीन युरोपीय शैली आहेत, पण हुकूम एक, खजिना एक, आणि काम झपाट्याने. मोठ्या दीर्घिका घडल्या त्या किल्ल्यासारख्या की महालासारख्या, हा तो प्रश्न.

महालाची बाजू प्रथम मांडली गेली. १९६२ मध्ये एगन, लिंडेन-बेल आणि सँडेज या तिघांनी आपल्या आकाशगंगेतल्या जुन्या ताऱ्यांच्या कक्षा तपासून म्हटले की, वायूचा एक प्रचंड ढग आपल्याच भाराने भराभर आकसला आणि त्यातून आकाशगंगा उभी राहिली. किल्ल्याची बाजू मग पुढे आली. १९७२ मध्ये अलार आणि युरी टूम्रे या भावांनी संगणकावर दाखवले की, दोन दीर्घिका एकमेकींच्या कह्यात आल्या तर त्यांची शेपटे निघतात आणि त्या एकीत एक मिसळतात. १९७८ मध्ये सर्ल आणि झिन यांनी आकाशगंगेच्या बाहेरच्या अंगातले तारकागुच्छ वेगवेगळ्या ठिकाणी जन्मून नंतर येऊन मिळाले असावेत असे म्हटले. त्याच वर्षी व्हाइट आणि रीस यांनी पुढच्या सगळ्या विचाराचा पाया घातला : आधी न दिसणाऱ्या द्रव्याचे छोटे गोळे जमतात, ते एकत्र येऊन मोठे होतात, आणि त्यांच्या खळग्यांत वायू थंड होऊन तारे पेटतात.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा होता. दीर्घिकांना इतिहास आहे तरी का? आणि इथे ही हकिगत आपल्या घरात येते.

१९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, पण रिकामी होणारी जागा नव्या द्रव्याने भरत राहते. म्हणून विश्व आज दिसते तसेच नेहमी होते आणि राहील. त्याला आरंभ नाही. आरंभ नाही म्हटल्यावर ‘आरंभीच्या विश्वातील दीर्घिका’ हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो. या पक्षात १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला, काशीत वाढलेला एक तरुण सामील झाला. जयंत विष्णू नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि हॉयल यांचे शिष्य झाले. समोर त्याच केंब्रिजात मार्टिन राइल बसलेले होते. ते आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजदाद करीत होते.

ही मोजदाद म्हणजे काय? दिवाळीच्या रात्री किल्ल्याच्या तटावरून लष्कर भागाकडे पाहावे. सगळे दिवे सारख्या तेजाचे आणि सगळीकडे सारखे पसरलेले असतील, तर चौपट मंद दिव्यांपर्यंत मोजणी नेली की आपण दुप्पट अंतरापर्यंत पोहोचतो आणि दिव्यांची संख्या चौपट होते. शहर जमिनीवर पसरलेले असते म्हणून चौपट; अवकाश सर्व दिशांनी पसरलेले असल्यामुळे तिथे आठपट व्हायला हवी. मंद दिवे त्याहून जास्त निघाले तर दूरच्या वस्तीत रोषणाई दाट आहे असे समजावे. आणि अवकाशात दूर म्हणजे जुने. राइल यांचे म्हणणे असे की मंद रेडिओ स्रोत फाजील आहेत, अर्थात पूर्वीचे विश्व आजच्यासारखे नव्हते. १९५५ ची त्यांची पहिली मोठी मोजणी बरीच चुकीची निघाली. जवळजवळचे स्रोत एकमेकांत मिसळून मोजले गेले होते. १९६१ मध्ये ते सुधारलेली मोजणी घेऊन आले. हॉयल आणि नारळीकर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले की, दीर्घिका अवकाशात सारख्या पसरलेल्या नसून फार मोठ्या अंतरांवर त्यांचे दाट आणि विरळ प्रदेश असतील, तर स्थिर विश्वातही अशी मोजणी येऊ शकते. त्या काळी इतके मोठे दाट-विरळ प्रदेश कुणी मानत नव्हते. पुढे ते खरोखरच सापडले. महागुच्छ आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या आज सर्वमान्य आहेत. गंमत अशी की त्यांनी सिद्धांत मात्र वाचला नाही. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे मंद प्रारण सापडले, आणि तप्त आरंभाचा पुरावा म्हणून ते बहुतेकांनी स्वीकारले.

१९७२ मध्ये नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्याच संस्थेच्या दुसऱ्या दालनात गोविंद स्वरूप होते. स्वरूप यांनी उटीजवळ ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये सुरू केली होती. ती डोंगराच्या उतारावर आहे, आणि उतार असा निवडला की दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर यावा. एवढ्या हुशारीने खर्चाचा मोठा आकडा वाचला. चंद्र आकाशातून सरकताना एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो. झाकला जाताना स्रोत एकदम विझतो की हळूहळू, यावरून त्याचा आकार काढायचा, ही तिथली पद्धत. अशा शेकडो स्रोतांचे आकार मोजून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये निष्कर्ष काढला : दूरचे, म्हणजे जुने, रेडिओ स्रोत आजच्यांसारखे नव्हते. विश्व बदलत आले आहे. स्थिर स्थितीच्या विरुद्ध जाणारा हा पुरावा नारळीकरांच्याच संस्थेतून निघाला, आणि दोघे पुढे अनेक वर्षे पुण्यातही शेजारी शेजारी काम करीत राहिले. आपल्याकडे मतभेद म्हटला की गट पडतात, संस्था फुटतात. या प्रसंगाकडे त्या दृष्टीनेही पाहावे.

दीर्घिकांना इतिहास आहे हे ठरले. मग किल्ल्याचा पक्ष झपाट्याने वर गेला. न दिसणारे द्रव्य, ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात, ते थंड म्हणजे मंदगती कणांचे असावे हे गणित १९८४ मध्ये तपशिलाने मांडले गेले. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने आरंभीच्या प्रारणात लाखात एका भागाइतके उंचसखलपण शोधले. तेवढ्या सुरकुत्या गुरुत्वाकर्षणाने दाट करीत नेल्या की आजचे विश्व निघते, असे संगणक सांगू लागले. या हिशेबात आधी लहान, मग मध्यम, शेवटी मोठे. सर्वांत जड दीर्घिका सर्वांत उशिरा पुऱ्या व्हायला हव्यात.

निरीक्षणे मात्र उलट बोलू लागली. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षीतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या चिमूटभर जागेकडे सलग दहा दिवस पाहिले आणि तिथे सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. त्यांत दूरच्या बहुतेक लहान आणि वेड्यावाकड्या होत्या. इथपर्यंत किल्ल्याला हरकत नव्हती. पण १९९६ मध्ये कौवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की, जड दीर्घिकांनी आपले तारे आधी घडवले आणि हलक्या दीर्घिका अजून घडवत बसल्या आहेत. दोन वर्षांत हवाई बेटावरच्या दुर्बिणीला धुळीत गुरफटलेल्या दूरच्या दीर्घिका सापडल्या. त्या वर्षाला शेकडो सूर्यांइतके, काही तर हजारभर सूर्यांइतके तारे घडवत होत्या. आपली आकाशगंगा वर्षाला एकदोन सूर्यांवर भागवते. २००४ मध्ये, विश्व आजच्या वयाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याचे असतानाच म्हाताऱ्या झालेल्या जड दीर्घिकांची नोंद झाली. आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कळले की त्या आजच्या तशाच वजनाच्या दीर्घिकांच्या मानाने फार आटोपशीर होत्या. वजन तेवढेच, घेर चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा.

यातून गेल्या पंधरावीस वर्षांत जी तडजोड निघाली ती मला स्वतःला फार पटते. गाभा महालासारखा, विस्तार किल्ल्यासारखा. आरंभी विश्व दाट होते. कृष्णद्रव्याच्या जाळ्याच्या धाग्यांवरून थंड वायू थेट मध्याकडे वाहत येई आणि तिथे ताऱ्यांचा भडका उडे. मग मध्यातले महाकाय कृष्णविवर गबर होऊन इतकी ऊर्जा फेकी की उरलेला वायू तापून जाई किंवा बाहेर उडे, आणि ताऱ्यांचा जन्म थांबे. त्यानंतरच्या अब्जावधी वर्षांत लहान शेजारिणी येऊन मिळत राहिल्या. त्यांनी वजनात थोडी आणि घेरात पुष्कळ भर घातली. किल्ल्यात महाल नसतो, महालाभोवती किल्ला वाढतो, असे हे उफराटे ग्वाल्हेर आहे.

या हिशेबात सगळ्यात अवघड जमाखर्च वायूचा. तारे दिसतात, पण ज्या हायड्रोजनपासून ते झाले तो दिसत नाही; तो २१ सेंटिमीटर लांबीच्या फार क्षीण रेडिओ लहरी सोडतो. दूरून येताना विश्वाच्या प्रसरणाने त्या ताणल्या जातात. त्या पकडण्याचे स्वप्न गोविंद स्वरूप यांनी १९८४ च्या सुमारास पाहिले, आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावाजवळ, खोडदच्या माळावर जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहिली : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. भक्कम पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून त्या बनवल्या, म्हणून आपल्या खिशाला परवडल्या. दीर्घिका घडण्यापूर्वीचे हायड्रोजनचे अवाढव्य ढग शोधणे हा तिचा एक मूळ हेतू होता. ती बांधून होईपर्यंत सिद्धांत पालटला. आधी अवाढव्य ढग आणि मग त्यांचे तुकडे, हा क्रमच मागे पडला.

पण यंत्र फुकट गेले नाही. २०१८ मध्ये तिच्या सर्वेक्षणातून, विश्व एक अब्ज वर्षांचे असतानाची एक रेडिओ दीर्घिका हाती लागली. त्या वेळी ती सर्वांत दूरची ठरली. आणि २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला. एकेका दीर्घिकेचा आवाज ऐकू येणे अशक्य होते. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. गर्दीतल्या एकाचे पुटपुटणे कळत नाही, पण हजारोंनी एकच नाव घेतले की कळते, तसे. निष्कर्ष असा की त्या काळच्या दीर्घिकांकडे वायू पुष्कळ होता, पण खर्च इतका होता की नवी आवक झाली नसती तर एकदोन अब्ज वर्षांत कोठार रिकामे झाले असते. विश्वातला ताऱ्यांचा जन्मदर त्यानंतर का घसरला याचा हा सरळ खुलासा आहे. मोठमोठी संस्थाने कशी बसली हे ज्यांनी दप्तरांतून वाचले आहे त्यांना तो नवा वाटणार नाही.

२५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. ती अवरक्त प्रकाश पाहते, म्हणजे ताणून तांबड्याच्याही पलीकडे गेलेला. जुलै २०२२ मध्ये तिची पहिली चित्रे आली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये लाबे आणि सहकाऱ्यांनी सहा दीर्घिकांची नोंद केली. विश्व पन्नास ते सत्तर कोटी वर्षांचे असताना त्यांतल्या एकीचे वजन शंभर अब्ज सूर्यांइतके भरत होते. तेवढे तारे घडवायला त्या काळी मिळू शकणारा जवळपास सगळाच वायू खर्ची पडला असता. महास्फोट खोटा ठरला, अशा आरोळ्या तेव्हा सर्वत्र उठल्या. वर्षा-दोन वर्षांत हिशेब शांतपणे पुन्हा झाला. त्यांतल्या काहींचा प्रकाश ताऱ्यांचा नसून खादाड कृष्णविवरांभोवतीच्या तप्त वायूचा असावा असे दिसले. तो भाग वगळला की वजन उतरते. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे, ते तसेच राहिले.

मात्र सगळेच वजन उतरले नाही. विश्व सत्तर कोटी वर्षांचे असतानाच दहा अब्ज सूर्यांहून जड होऊन ताऱ्यांचा जन्म थांबलेली दीर्घिका आता वर्णपटासह ज्ञात आहे. इतक्या लवकर इतके घडवून इतक्या लवकर दुकान बंद कसे झाले, हे प्रचलित गणितांतून नीट निघत नाही. एक तर वायूचे तारे करण्याची हातोटी आरंभी आजच्याहून फार चांगली होती, किंवा कृष्णविवरे आपण समजतो त्याहून आधी मोठी झाली. बहुधा दोन्ही.

या पार्श्वभूमीवर पुण्याची ताजी हकिगत वाचावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक सर्पिल दीर्घिका सापडल्याचे प्रसिद्ध केले. चार अब्ज प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक जड गुच्छ आहे. तो आपल्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा वागतो आणि मागच्या वस्तू मोठ्या करून दाखवतो. त्याच्या पाठीमागे, कितीतरी दूर, ही दीर्घिका. २१ गाळण्यांमधून घेतलेल्या तिच्या तेजावरून तिचे अंतर काढले आहे, आणि भिंगाने तिचे तेज सुमारे दुप्पट केले आहे. प्रकाश निघाला तेव्हा विश्व दीड अब्ज वर्षांचे होते. तीस हजार प्रकाशवर्षे रुंदीची चकती, दहा अब्ज सूर्यांहून अधिक वजनाचे तारे, वर्षाला साठेक सूर्यांची भर, आणि दोन्ही बाजूंना रेखीव, जोडीने वळलेले दोन बाहू. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयातल्या मंदाकिनीची बहीण अलकनंदा. म्हणून आपल्या आकाशगंगेसारख्या दिसणाऱ्या या दीर्घिकेला त्यांनी अलकनंदा म्हटले. एवढ्या लवकर अशी चकती दिसणारी ती एकटीच नव्हे. २०२५ मध्येच जिनिव्हाच्या एका गटाने झूलोंग नावाची, तिच्याहूनही आधीची सर्पिल दीर्घिका नोंदवली आहे.

आरंभीचे विश्व म्हणजे धडकाधडकीचा, वायूच्या उलथापालथीचा काळ असे आपण शिकत आलो. धडका बसत असतील तर पातळ चकती टिकत नाही, आणि चकतीशिवाय बाहू नाहीत. अलकनंदा ही नुसती मोठी असती तर तिचे एवढे अप्रूप नव्हते. ती नीटनेटकी आहे, हे अप्रूप. जयविलास दोनचार वर्षांत बांधता येतो, हे आपण पैशाच्या जोरावर समजू शकतो. पण त्याच दोनचार वर्षांत झुंबरे टांगून, गालिचे अंथरून, कारंजी चालू करून ठेवलेली दिसली, तर कारागीर कोण होते असे विचारावेच लागते.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. अलकनंदेची बातमी यायला सहा महिने होते. त्यांच्या निधनानंतरच्या मराठी लेखांत एक सूर वारंवार लागला की, वेब दुर्बिणीने सर शेवटी बरोबर ठरवले. हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी मांडलेल्या दुसऱ्या सिद्धांतात विश्व दीर्घ आवर्तनांतून जाते, आणि म्हणून फार जुन्या दीर्घिका कुठेही सापडायला मोकळीक आहे, हे खरे. पण आदरापोटी एवढी उडी मारू नये. वेबला अगदी दूर जे दिसते ते एकंदरीत लहान, अस्ताव्यस्त आणि जड मूलद्रव्यांत गरीब आहे. २०२५ मधली सर्वांत दूरची दीर्घिका, विश्व अठ्ठावीस कोटी वर्षांचे असतानाची, आपल्या आकाशगंगेपुढे ठेंगणी आहे. जवळ येत जावे तसा बदल दिसतो. म्हणजे दीर्घिकांना बालपण आहे. आश्चर्य एवढेच की काहींचे बालपण फार थोडक्यात उरकले. नारळीकरांना मोठे करायला त्यांचा सिद्धांत खरा ठरवण्याची गरज नाही. एखादे मत सर्वांनी स्वीकारले म्हणून ते तपासायचे थांबवू नये, हे त्यांनी साठ वर्षे आचरले. त्यांच्या विरुद्धचा पुरावा जमवणारे त्यांच्यामुळे जास्त काटेकोर झाले. राइल यांची १९५५ ची मोजणी तशीच स्वीकारली गेली असती, तर बरोबर निष्कर्ष चुकीच्या आकड्यांवर उभा राहिला असता.

अलकनंदेपुरता प्रश्न आता नेमका आहे. तिचे चित्र आहे, पण तिच्यातला वायू कसा फिरतो हे मोजणे बाकी आहे. त्यासाठी वेबवरचा वर्णपटलेखक किंवा चिलीच्या वाळवंटातली आल्मा दुर्बीण लागेल. वायू शांतपणे, एका दिशेने गोल फिरत असेल तर चकती थंड आहे आणि बाहू म्हणजे तिच्यातून फिरणारी दाटीची लाट. अशी लाट पुष्कळ काळ टिकते. उलट वायूत खळबळ असेल, तर बाजूने गेलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेच्या ओढीने बाहू तात्पुरते उमटले असावेत, आणि ते काही फेऱ्यांत गुंडाळून पुसले जातील. चित्रात शेजारी दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी एखादा त्या ओढीचा कर्ता आहे का, हेही त्याच मोजणीत कळेल.